दर तीन आठवड्यांनी उडणारं रीडिंग: टेस्ट बेंचवरच्या एसएमए कनेक्टरचा आजार कुठून येतो आणि तो कसा शोधायचा

लक्षण असं. सकाळी व्हीएनए (केबल-अँटेनांतून सिग्नल किती जातो आणि किती परत येतो हे मोजणारं यंत्र) तापवून, ओपन-शॉर्ट-लोड हे ठरलेल्या मापाचे तीन नग लावून कॅलिब्रेशन केलं की सगळं चोख. तासाभरानं तीच एसएमए टोकांची (एसएमए म्हणजे उच्च वारंवारतेच्या सिग्नलसाठीचा, आट्यांनी बसणारा छोटा कनेक्टर) केबल दोनदा लावली तर दोन वेगळी उत्तरं. २.४ गिगाहर्ट्झला इन्सर्शन लॉस, म्हणजे केबलमधून जाताना सिग्नलची होणारी घट, एकदा ०.७ डीबी, काढून परत लावली की १.१. केबलला बोट लागलं की पडद्यावरची रेघ थरथरते, नट जरा पिळला की शांत होते. पोर्टवरचा ॲडाप्टर बदलला की सगळं पहिल्यासारखं, आणि साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

आमच्याकडे हे सलग पाच महिने चाललं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. ८६५ मेगाहर्ट्झच्या आणि २.४ गिगाहर्ट्झच्या अँटेना आणि त्यांना लागणाऱ्या एसएमए टोकांच्या केबल आम्ही बनवतो आणि प्रत्येक नग मोजून देतो. मोजमापावर विश्वास नसेल तर आमच्याकडे विकायला काही उरतच नाही. त्या पाच महिन्यांत आम्ही कितीतरी चांगल्या केबल खराब म्हणून बाजूला काढल्या, आणि त्याहून वाईट म्हणजे काही खराब केबल चांगल्या म्हणून गेल्या असतील याची धास्ती मला रात्री झोपू देत नव्हती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या बेंचवर व्हीएनए, स्पेक्ट्रम ॲनलायझर किंवा सिग्नल जनरेटर आहे, आणि ज्यांच्याकडे फक्त हातात मावणारा नॅनोव्हीएनए आहे, दोघांनाही हे लागू आहे.

आमची मांडणी आधी डोळ्यासमोर आणा. यंत्राच्या पोर्टवर एन-टाइप, म्हणजे एसएमएहून मोठ्या जातीचा, फिमेल कनेक्टर (मेलला मधली पिन असते, ती फिमेलमध्ये शिरते). त्यावर एन मेल ते एसएमए फिमेल असा ॲडाप्टर कायमचा बसवलेला, म्हणजे रोजची झीज ॲडाप्टरची होईल आणि यंत्राचं पोर्ट शाबूत राहील. ही पद्धत बरोबरच आहे, आजही आम्ही तीच ठेवली आहे. तपासायच्या केबलींची टोकं एसएमए मेल, ती या ॲडाप्टरवर चढतात.

जुळून आलेल्या हिशेबानं केलेली फसवणूक

साध्या एसएमए जोडाचं आयुष्य बनवणारे साधारण ५०० जोडण्यांचं सांगतात. आमच्याकडे दिवसाला तीसेक केबल, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे सतरा दिवसांत पाचशे. तीन आठवडे! हिशेब इतका नेमका बसला की मी शोधणंच थांबवलं. ॲडाप्टर ही झिजणारीच वस्तू, झिजला की बदलायचा, असं ठरवून मी डझनभर ॲडाप्टर मागवून ठेवले. आज मागं वळून बघताना सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते. आकडा जुळला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, आणि मी एकदाही त्या काढून टाकलेल्या ॲडाप्टरच्या तोंडात भिंग घालून बघितलं नव्हतं.

मग एकदा वैतागून स्टेनलेस स्टीलचा, आत बेरिलियम कॉपरची पाकळी असलेला ३.५ मिलिमीटर जातीचा चांगला ॲडाप्टर घेतला. हा एसएमएशी जुळतो, पण आत टेफ्लॉनऐवजी हवा असते, घडण जास्त काटेकोर असते आणि तो हजारो जोडण्या सहज झेलतो. तोही तीन आठवड्यांत गेला. आमचा ऑपरेटर पोरगा म्हणाला, "मॅडम, आज परत तसंच दाखवूलालंय बघा." त्या दिवशी झिजेचा हिशेब मोडीत निघाला.

दुसरा संशय रुईवर गेला. आमच्या शेजारी टॉवेलचा कारखाना आहे. टेरी टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या या शहरात सुताचे तंतू हवेत असतात हे कुणाला सांगायला नको. आमच्या खिडकीच्या जाळीवर दर आठवड्याला पांढरा थर धरतो. भिंगातून बघितल्यावर ॲडाप्टरच्या तोंडात खरंच एक तंतू होता, आणि त्याच्याभोवती आट्यांतून निघालेला पितळेचा बारीक भुगा गुंडाळलेला. मी खिडक्या बंद करून घेतल्या, बेंचवर पडदा लावला, शेजारच्या काकांनीही त्यांच्याकडचा एक्झॉस्ट पंखा आमच्या बाजूचा होता तो फिरवून दुसऱ्या बाजूला लावला. दुपारी होणारा त्रास कमी झाला. तीन आठवड्यांचा फेरा मात्र तसाच राहिला.

इथं एक गोष्ट मनात पक्की झाली: बिघाड दोन होते, आणि एकावर एक चढून एकच दिसत होते. रुई हा खरा त्रास होता, पण फेऱ्याचं कारण दुसरं होतं.

भिंगाखाली काय दिसलं

नवी पेठेतून घड्याळ दुरुस्तीवाले वापरतात तसं १० पटीचं भिंग आणलं आणि सातही काढलेले ॲडाप्टर ओळीनं मांडले. एसएमए फिमेलच्या मध्यभागी एक बारीक नळी असते, तिला चिरा देऊन पाकळ्या केलेल्या असतात. पाकळ्या आतल्या बाजूला दाबून असतात, मेलची पिन आत शिरली की त्या तिला सगळीकडून धरतात. चांगल्या नगात सगळ्या चिरा सारख्या अरुंद दिसतात आणि नळी बरोबर मध्यावर असते. आमच्या सातही नगांत एकाच बाजूच्या पाकळ्या फाकलेल्या, एका पाकळीच्या ओठावर खरवडल्याची चकाकी, आणि नळी तोंडापासून जरा आत ढकललेली.

झिजलेली वस्तू सगळीकडून सारखी झिजते. सात वेगवेगळ्या नगांना एकसारखी, एकाच बाजूची जखम झाली असेल तर ती जखम करणारी वस्तू एकच आहे. मग आम्ही उलटं शोधत गेलो: या सातही ॲडाप्टरवर काय काय चढलं? ग्राहकांच्या केबल प्रत्येक वेळी वेगळ्या. कॅलिब्रेशन किटचे नग तेच, पण ते भिंगाखाली स्वच्छ. उरली एकच वस्तू. पोरगाच म्हणाला, "नवीन ॲडाप्टर लावला की पहिल्यांदा मास्टरच लावतो की आपण."

मास्टर म्हणजे आमची संदर्भाची केबल. दर सोमवारी सकाळी बेंच बरोबर आहे का हे बघायला तिचं रीडिंग घ्यायचं आणि वहीत लिहायचं, अशी शिस्त मीच घालून दिली होती. ती आरजी-४०२ जातीच्या अर्ध-ताठ केबलची होती, मीच काही वर्षांपूर्वी बनवलेली. या केबलचा मधला तार जवळपास ०.९२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि एसएमएची पिनही तेवढीच, म्हणून पुष्कळदा वेगळी पिन न लावता तारेचं टोकच पिन म्हणून वापरतात. माझ्या मास्टरचं टोक मी त्या वेळी कटरनं तोडलं होतं आणि कानशीनं गोल केलं नव्हतं. भिंगाखाली ते छिन्नीसारखं दिसत होतं, एका बाजूला धातूची कोर. त्याशिवाय सोल्डरिंगच्या वेळी टेफ्लॉन तापून फुगलं होतं आणि बसायच्या पातळीच्या बाहेर, नखाला लागेल एवढं, आलं होतं.

सगळं उलगडलं. दर सोमवारी तीच छिन्नी नव्या ॲडाप्टरच्या पाकळ्यांत शिरत होती. कोर पाकळ्या खरवडत होती, फुगलेलं टेफ्लॉन मधली नळी मागं ढकलत होतं. पहिल्या सोमवारी ओरखडा, दुसऱ्या सोमवारी फट, तिसऱ्या सोमवारनंतर साधी केबल लावली की पिन सैल. मास्टरची स्वतःची पिन मात्र त्या फटीत घट्ट बसायची, म्हणून मास्टरचं रीडिंग दर वेळी बरोबर यायचं! ज्या केबलीनं मी बेंच तपासत होते, तीच बेंच बिघडवत होती आणि तीच "सगळं ठीक" असं सांगत होती.

म्हणूनच हा बिघाड मी संसर्गासारखा मानते. एक खराब मेल चांगल्या फिमेलला मारतो, ती जखमी फिमेल पुढच्या दहा मेल टोकांवर ओरखडे काढते, आणि त्यातला एखादा ग्राहकाच्या यंत्राला जाऊन लागतो. त्या काळात गेलेला एक लॉट आम्ही ग्राहकाला विनंती करून परत मागवला आणि प्रत्येक टोक भिंगाखाली बघून पाठवला. कॅलिब्रेशन किटचा लोड याच फाकलेल्या ॲडाप्टरवर चढला होता, म्हणून तोही तपासणीला पाठवला.

तुमच्या बेंचवर हेच आहे का, हे दहा मिनिटांत कसं कळेल

केबलला दोष देण्याआधी जोड तपासा. व्हीएनए किमान अर्धा तास, शक्य असेल तर तासभर चालू राहू द्या. कॅलिब्रेशन करा. मग ५० ओहमचा चांगला लोड लावा, त्याचं रीडिंग मेमरीत साठवा आणि पडद्यावर डेटा भागिले मेमरी असं गणित चालू करा. आता रेघ शून्य डीबीवर सपाट दिसली पाहिजे. लोड काढा, एक तृतीयांश फेरा फिरवून परत लावा. अजून एकदा तसंच. लोडवरून जवळपास काहीच परत येत नाही, म्हणून त्याचं रीडिंग फार खोल असतं, त्यामुळे थोडा फरक दिसणारच. हाच प्रयोग शॉर्ट लावूनही करा. शॉर्टच्या वेळी सगळी ताकद परत येते, तिथं रेघ ०.१ डीबीपेक्षा जास्त हलत असेल तर दोष जोडातच आहे असं धरून चाला. फिरवण्याच्या एका दिशेला रेघ बरोबर आणि दुसऱ्या दिशेला चूक येत असेल तर पिन वाकडी आहे किंवा पाकळी एकाच बाजूची फाकली आहे.

मग केबल लावून तिच्या टोकापासून हातभर अंतरावर हळूच हलवा. रेघ हलली तर केबल किंवा तिचा क्रिंप, म्हणजे टोक दाबून बसवलेली जागा. टोकाजवळ नटालाच बोट लावल्यावर हलली तर जोड. हे दोन वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं.

एक सावधगिरी आहे. खराब ॲडाप्टर लावूनच कॅलिब्रेशन केलं असेल तर त्याचा दोष कॅलिब्रेशनच्या आत जाऊन बसतो. मग सगळी रीडिंग एकमेकांशी जुळतात आणि सगळीच चुकलेली असतात. म्हणून आधी भिंग, मग कॅलिब्रेशन. हा क्रम उलटू नका.

भिंगातून बघताना उजेड तिरपा पाडा. सरळ उजेडात ओरखडे दिसत नाहीत. मेल टोकात पिन मध्यावर आहे का, तिचं टोक गोलसर आहे का, टेफ्लॉन पातळीच्या बाहेर आलंय का हे बघा. फिमेलमध्ये टेफ्लॉन आणि बाहेरची कडा एका पातळीत असते, म्हणून पोलादी पट्टीची धार कडेवर आडवी धरून पलीकडून टॉर्च मारली की उचललेलं टेफ्लॉन लगेच दिसतं. पट्टी मधल्या पाकळ्यांवर दाबू नका, नुसती टेकवा. बसायच्या कड्यावर गोल फिरणाऱ्या बारीक रेषा दिसतील, त्या जोडण्याच्या नेहमीच्या खुणा आहेत, त्यांना घाबरू नका. आडवी खोल चीर, खड्डा, उचललेली कोर किंवा तुटलेली पाकळी दिसली की तो नग गेला. तो सरळ करायचा प्रयत्न सुईनं, टाचणीनं कशानंच करू नका. पाकळ्यांना दाबून जवळ आणलेला नग एक दिवस चालतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला मारतो.

पिन किती आत किंवा बाहेर आहे हे नेमकं मोजायला पिन-डेप्थ गेज मिळतं. महाग आहे, पण ३.५ किंवा २.९२ मिलिमीटर जातीचे कनेक्टर वापरत असाल तर घ्याच; तिथं इंचाच्या हजाराव्या भागांचा खेळ असतो आणि डोळा फसतो. गेज वापरण्याआधी त्याच्यासोबतच्या मास्टर ब्लॉकवर (शून्य लावायच्या ठोकळ्यावर) शून्य करा, प्रत्येक टोकाची तीन वेळा, दर वेळी थोडं फिरवून, रीडिंग घ्या आणि सरासरी काढा. गेज मुठीत धरून बसू नका, हाताच्या उष्णतेनं धातू वाढतो. गेजही शेवटी एक कनेक्टरच आहे, तोही आधी पुसायचा.

साफसफाई, आणि रुईच्या गावात ती कशी करायची

पहिलं काम कोरड्या हवेनं. कॅमेऱ्याच्या भिंगासाठी रबरी फुगा मिळतो तो उत्तम. आमच्या भागात मागाच्या कारखान्यातली कॉम्प्रेसरची नळी सहज मिळते आणि तिचा मोह होतो, पण त्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही असतं. तोंडानं फुंकर तर अजिबात नको, लाळेचे थेंब आत जातात. डब्यातली हवा वापरत असाल तर डबा सरळ उभा धरा, तिरका केला की आतला द्रव बाहेर येतो आणि कनेक्टर गारठतो.

हवेनं निघालं नाही तरच द्रव. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्के शुद्धतेचं. औषधाच्या दुकानात मिळणारं जखमेचं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. थिनर आणि ॲसिटोन नको, आतल्या प्लॅस्टिकच्या आधाराला ते खातात. स्विचवर मारायचा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवाराही नको, त्यातले पुष्कळ प्रकार मागं तेलाचा पातळ थर सोडतात आणि त्या थरावर आमच्याकडची रुई गुळाला मुंग्या लागाव्यात तशी चिकटते.

कानातला कापूस लावलेली काडी वापरू नका. कापसाचा एक तंतू काढायला गेलो आणि दोन ठेवून आलो असं आमचं कितीदा झालं. फोमच्या टोकाची काडी मिळते ती घ्या. काडी अल्कोहोलात बुडवून टिश्यूवर टेकवा, ओली राहता कामा नये, दमट असावी. आधी आटे पुसा, कारण भुगा तिथूनच येतो. मग बसायची कडा. मधल्या पिनेला आडवा जोर देऊ नका, काडी अक्षाच्या दिशेनंच फिरवा. फिमेलच्या पाकळ्यांत काडी घालू नका, तंतू अडकला असेल तर फुग्याची हवा. २.४ मिलिमीटर किंवा त्याहून लहान कनेक्टरात फोमची काडीही मोठी पडते. तिथं लाकडी टूथपिकच्या टोकाला तंतू न सुटणारं कापड गुंडाळून वापरतात. पुसून झालं की परत हवा मारा, पूर्ण वाळू द्या, परत भिंगातून बघा. अल्कोहोल पेटतं, म्हणून यंत्र बंद, खिडकी उघडी, सोल्डरिंग आयर्न लांब.

हवेचं अंतर असलेल्या ३.५ मिलिमीटर जातीत द्रव आत ओघळू देऊ नका. मधल्या पिनेला धरणाऱ्या आधाराच्या मागं तो अडकला की वाळायला वेळ लागतो, आणि तोवर रीडिंग चुकत राहतं.

जोडणं: जोर किती, आणि फिरवायचं काय

आमच्याकडे आधी पक्कड होती. आता बेंचवर पक्कड ठेवायला बंदी आहे.

एसएमएला साधारण ०.५६ न्यूटन-मीटर, ३.५ आणि २.९२ मिलिमीटरला ०.९, एन-टाइपला १.३६ एवढा जोर लागतो. एसएमए आणि ३.५ मिलिमीटर एकमेकांना जोडत असाल तर कमी असलेला, म्हणजे एसएमएचा जोर घ्या. ०.५६ म्हणजे किती हे हाताला कळावं म्हणून पोराला मी असं सांगितलं: दहा सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण ५७० ग्रॅम वजन टांगल्यासारखं. शेंगाचटणीचं अर्धा किलोचं पाकीट आणि वर एक मूठ शेंगदाणे. त्याला ते लगेच समजलं. तरी अंदाजावर राहू नका, ठरलेला जोर आला की दांड्यात मोडणारा, म्हणजे वाकणारा, टॉर्क पाना घ्या, आठ मिलिमीटर तोंडाचा. तो टोकाला दोन बोटांनी धरायचा, मोडायला लागला की तिथंच थांबायचं. पूर्ण मोडेपर्यंत दाबत राहिलं तर जोर जास्त जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिरवायचा तो फक्त नट. केबल किंवा ॲडाप्टरचं अंग फिरवलं की पिन पाकळ्यांमध्ये गोल फिरते आणि दोन्हीकडचा मुलामा खरवडला जातो. नव्या माणसाला हे सुचत नाही, कारण बल्ब, नळ, बाटलीचं झाकण सगळं आपण अंग फिरवूनच लावतो. आधी दोन्ही टोकं सरळ रेषेत आणा, पिन आत गेल्याचं हाताला जाणवू द्या, मग नट बोटांनी शेवटपर्यंत, मग पाना. दुसऱ्या हातात साधा पाना धरून अंग स्थिर ठेवा. बोटांनी फिरवताना अडलं तर थांबा, मागं घ्या, परत सरळ करा. सोडवताना हेच उलट क्रमानं, आणि शेवटी सरळ बाहेर ओढायचं, वाकवून नाही.

सैल नटानं किती फरक पडतो? एसएमएचे आटे इंचाला ३६, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ०.७ मिलिमीटर. नट अर्धा फेरा सैल राहिला तर बसायच्या दोन कडांमध्ये साधारण ०.३५ मिलिमीटरची फट पडू शकते. ३ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी १०० मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर लांबी वाढली की परत येणाऱ्या लहरीचा फेज, म्हणजे तिची चढउतारातली जागा, ७.२ अंशांनी सरकतो. फेज मोजत नसाल तर हे चालून जाईल असं वाटेल, पण बाहेरच्या कवचाचा स्पर्शच तुटक झाल्यावर लॉसही उड्या मारतो, आणि आमच्या १.१ डीबीच्या मागं त्याचाही हात होता.

एन-टाइप वापरणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. एन-टाइप ५० ओहमचा असतो तसा ७५ ओहमचाही असतो आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आटेही जुळतात. ७५ ओहमची पिन बारीक असते. ५० ओहमचा मेल ७५ च्या फिमेलमध्ये घातला की पाकळ्या कायमच्या फाकतात. उलट केलं तर पिन सैल राहते आणि रीडिंग उडतं. टीव्ही केबलच्या कामातून आलेला जुना ॲडाप्टर डब्यात पडला असेल तर आजच वेगळा करा. तसंच २.४ मिलिमीटर जातीचा कनेक्टर एसएमएवर चढवायचा प्रयत्न करू नका, तो त्याच्यासाठी नाहीच.

सोलापूरच्या हवेबद्दल

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्याचा एक परिणाम असा की फेब्रुवारीपासून जूनपर्यंत अंगावर आणि केबलींवर स्थिर वीज साठते. नायलॉनचा शर्ट, प्लॅस्टिकची खुर्ची, सुताची घासाघास. लांब केबल टेबलावरून ओढून आणली की तिच्या मधल्या तारेवर भार असतो आणि तो सरळ यंत्राच्या आत उतरतो. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा, केबल लावण्याआधी तिच्या टोकाला क्षणभर शॉर्ट किंवा लोड लावून भार उतरवा, आणि पोर्टच्या मधल्या पिनेला बोट कधीच लावू नका. बेंचचं अर्थिंग खरंच जमिनीला आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. आमचं नव्हतं.

दुसरा परिणाम तापमानाचा. कॅलिब्रेशन केल्यावर खोलीचं तापमान बदललं की फेज सरकतो. वीज गेली, एसी बंद पडला, दुपारी खोली ३४ वर गेली, तर सकाळचं कॅलिब्रेशन टाकून द्या आणि नवं करा. याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट थंडीतली आहे. टेफ्लॉनची आतली रचना १९ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते आणि त्याचं आकारमान जरा उडी मारतं. त्यामुळे टेफ्लॉनच्या केबलचा फेज या तापमानाभोवती नेहमीपेक्षा जास्त सरकतो. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सकाळी शटर उघडताना खोली १९ च्या खाली असते आणि अकरापर्यंत वर जाते. फेज जुळवलेल्या केबलींच्या जोड्या आम्ही त्या वेळात मोजत नाही. तोवर अँटेनांचं पॅकिंग उरकतो.

आता आमच्याकडे काय बदललं

मास्टर केबल कापली. दोन्ही टोकं कटरनं चेपून फेकली, कारण डब्यात ठेवलेली खराब वस्तू कुणीतरी घाईत काढून लावतंच. नवी मास्टर तयार पिनेची घेतली, आणि ती वापरण्याआधी दर सोमवारी तिचीच दोन्ही टोकं भिंगाखाली बघितली जातात. वहीत तिच्या रीडिंगशेजारी आता एक नवा रकाना आहे: टोक बघितलं का, कुणी बघितलं. दुसऱ्या रकान्यात पोर्टवरच्या ॲडाप्टरवर किती जोडण्या झाल्या त्याची मोजणी.

संशयाच्या नगांवर लाल नेलपेंटचा ठिपका लागतो आणि तो नग त्याच दिवशी तोडला जातो. चांगले नग प्लॅस्टिकच्या टोप्या लावून, कप्पे असलेल्या फोमच्या डब्यात. पूर्वी सगळे एका मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात एकमेकांवर खडखडत पडलेले असायचे. टोप्यांमध्येही रुई साचते, म्हणून त्या महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवतो. कनेक्टर तोंड खाली करून टेबलावर ठेवायचा नाही हे तर पोरगा आता आलेल्या ग्राहकालाही सांगतो.

ग्राहकाकडून तपासायला आलेली कुठलीही केबल आता थेट पोर्टवर चढत नाही. आधी भिंग, मग एक जुना पण चांगला ॲडाप्टर, जो बळी गेला तरी चालेल, आणि त्यावर ती केबल. हा मधला ॲडाप्टर लावूनच कॅलिब्रेशन केलेलं असतं, म्हणून मोजमापात फरक येत नाही. शॉर्टची परीक्षा रोज सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा.

पोर्टवरचा स्टेनलेसचा ॲडाप्टर आम्ही नवा बसवला त्याला आता अकरा महिने झाले. जोडण्यांचा आकडा आठ हजारांच्या पुढं गेला आहे. पाकळ्यांच्या चिरा अजून सारख्या आहेत, मुलामा मात्र एका जागी फिकट दिसायला लागला आहे, म्हणून पुढचा ॲडाप्टर मागवून ठेवला आहे. तो आला की त्यावर पहिल्यांदा भिंग जाईल, मास्टर नंतर.